चाकूचे पाते लेप चढवलेले घ्यावे की उघडे?

एकाच चाकूची दोन रूपे विक्रीला शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. एकाचे पाते काळे किंवा करडे आणि निस्तेज असते, दुसऱ्याचे घासून उजळलेले असते. मूठ तीच, लांबी तीच आणि पोलादही बहुतेक वेळा तेच. विकणारा काळ्या पात्याकडे बोट दाखवून सांगतो की हे गंजत नाही, आणि घेणारा त्यावर विश्वास ठेवून किंवा केवळ रंग आवडला म्हणून थोडे जास्त पैसे मोजतो. जाड पावडर कोटिंग असलेला १०९५ या गंजणाऱ्या कार्बन स्टीलचा न मिटणारा चाकू, डीएलसी म्हणजे कठीण कार्बनच्या लेपाचा घडीचा चाकू, काळा ऑक्साइड केलेले पक्कडवजा बहुउपयोगी हत्यार आणि त्यांच्या जोडीला काहीही न चढवलेले स्टेनलेस व कार्बन स्टीलचे चाकू असे सगळे प्रकार मी दीर्घकाळ वापरले आहेत. त्या वापरातून माझे मत पक्के झाले आहे: निवड आधी पोलादाची करावी आणि लेपाची नंतर, कारण लेप पोलादाची उणीव काही प्रमाणात झाकतो, पण धारेसाठी तो काहीच करत नाही.

हे धारेविषयीचे म्हणणे थोडे उलगडून सांगायला हवे. कारखान्यात पाते घडवले जाते, त्याला पाणी दिले जाते, म्हणजे तापवून व विझवून कठीण केले जाते, मग त्यावर लेप चढतो आणि अगदी शेवटी धार काढली जाते. धार काढताना त्या जागचा लेप घासून निघून जातो, म्हणून काळ्या पात्याच्या कडेला नेहमी एक चकचकीत रेघ दिसते. ती रेघ म्हणजे उघडे पोलाद होय, आणि कापण्याचे सगळे काम तीच करते. धार काढल्यानंतर लेप का चढवत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मापांत आहे. चांगल्या धारेच्या अगदी टोकाची जाडी एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, कमी भरते. तिच्यावर दोन-तीन मायक्रॉनांचा थर बसला तरी ती बोथट होईल, आणि पावडर कोटिंगचा थर तर पन्नास ते शंभर मायक्रॉनांचा, म्हणजे साधारण माणसाच्या केसाइतका जाड असतो. दाढीच्या ब्लेडच्या धारेवर मात्र खरोखरच अतिशय पातळ थर दिलेला असतो, पण ते ब्लेड पुन्हा धार न लावता टाकून द्यायचे असते. चाकूला पहिल्यांदा दगडावर घेतले की असा थर संपला. म्हणून लेप असलेला कार्बन स्टीलचा चाकू ओला तसाच राहून गेला, तर सकाळी त्याचे काळे अंग अगदी निर्दोष दिसते आणि धारेवर मात्र तांबूस ठिपके उमटलेले असतात. अंगावरचा गंज दिसायला वाईट असतो, पण धारेवरचा सूक्ष्म गंज चाकू निकामी करतो. आणि नेमक्या या दुसऱ्या गंजापुढे लेपाचे आणि बिनलेपाचे पाते सारखेच असहाय असते.

लेप या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि जाहिरातीत त्यांतला फरक क्वचितच सांगितला जातो. सर्वांत जाड थर पावडर कोटिंगचा असतो. विद्युत्भार दिलेली प्लास्टिकची भुकटी पात्यावर बसवून ती साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली जाते आणि वितळून एकजीव होते. त्याहून पातळ म्हणजे सेराकोटसारखा सिरॅमिक मिसळलेला रंग. तो फवारून बऱ्याच कमी तापमानाला पक्का केला जातो आणि त्याचा थर सुमारे २५ मायक्रॉनांचा असतो. काळा ऑक्साइड हा बाहेरून चढवलेला थर नसून पोलादाच्या पृष्ठभागाचेच रासायनिक रूपांतर असते. तीव्र अल्कलीच्या सुमारे १४० अंश तापलेल्या द्रावणात पाते बुडवले की वरच्या लोखंडाचे मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे काळ्या लोह ऑक्साइडमध्ये, रूपांतर होते आणि जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा थर तयार होतो. चौथा गट पीव्हीडी पद्धतीच्या लेपांचा आहे. निर्वात कक्षात धातूची वाफ किंवा आयन पात्यावर बसवून सोनेरी टायटॅनियम नायट्राइड, करडे टायटॅनियम कार्बोनायट्राइड असे एक ते पाच मायक्रॉनांचे अतिशय कठीण थर चढवले जातात. डीएलसी, म्हणजे हिऱ्याशी रचनेत साम्य असलेल्या कार्बनचा काळा थर, हाही निर्वात कक्षातच चढतो आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने याच गटातला आहे.

या गटांत फरक किती आहे ते कठीणपणाच्या आकड्यांवरून कळते. चांगले पाणी दिलेले, साठ रॉकवेल कठीणपणाचे पोलाद व्हिकर्स मापावर सुमारे सातशे भरते; टायटॅनियम नायट्राइड दोन हजारांच्या वर जाते, आणि डीएलसी प्रकारानुसार दीड हजारापासून कितीतरी पुढे जाते. पावडर कोटिंग मात्र अखेर प्लास्टिकच असते. तेव्हा ‘लेप झिजतो का’ हा प्रश्न कोणत्या लेपाविषयी आहे हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तरच देता येत नाही.

मग सगळ्या पात्यांवर डीएलसी किंवा टायटॅनियम नायट्राइड का नसते? खर्च हे एक कारण आहेच, पण दुसरे कारण पोलादाच्या पाण्याशी निगडित आहे. १०९५ सारखे साधे कार्बन स्टील विझवल्यानंतर दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. त्यापुढे ते फार तापले की त्याचे पाणी उतरते आणि पाते मऊ पडते. अनेक पीव्हीडी लेप चारशे ते पाचशे अंशांना चढवले जातात, त्यामुळे अशा पोलादाला ते चालत नाहीत. डी२ सारखे पाचशे अंशांच्या आसपास पुनर्तापन करता येणारे हत्यारी पोलाद ते सोसते. डीएलसीचे काही प्रकार दोनशे अंशांखालीही चढवता येतात, म्हणून कार्बन स्टीलवर कठीण लेप हवा असेल तर बहुधा तोच दिसतो. स्वस्त कार्बन स्टीलच्या चाकूवर जाड, खरखरीत काळा थर असण्याचे मूळ येथे आहे. त्यात उत्पादकाची एक सोयही असते, ती जाणून घेण्यासारखी आहे. पात्यावर थर चढवायचाच असेल तर खालचा पृष्ठभाग घासून सफाईदार करण्याचे श्रम वाचतात. लेप काढून टाकल्यावर खाली मशीनचे खोल चरे आणि भट्टीतली खपली तशीच सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

माझा पावडर कोटिंगचा चाकू मजबूत आहे आणि त्याचे पोलाद उत्तम आहे, हे आधी नोंदवतो. तक्रार आहे ती थराविषयी. तो खरखरीत असल्यामुळे जाड पुठ्ठा किंवा लाकूड कापताना पात्याची बाजू अडते. धार पुढे सरकते, पण तिच्यामागचे अंग चिकटल्यासारखे मागे राहते आणि हाताला जास्त जोर लावावा लागतो. वापराने थर गुळगुळीत होत गेला तसा हा त्रास कमी झाला, पण तोवर धारेच्या वरच्या भागातला बराच थर झिजूनही गेला होता. त्याहून गंभीर गोष्ट थराखालच्या गंजाची. लाकूड फोडताना पात्याच्या पाठीवर घाव बसले, तेथे थराचे पोपडे उडाले, आणि उडालेल्या जागेच्या कडेने ओल थराखाली शिरली. उघड्या पात्यावर तांबूस डाग दिसताक्षणी तो पुसता येतो. येथे गंज थराच्या आत पसरत राहिला, बाहेरून फक्त एक बारीक फुगवटा दिसला, आणि तो नखाने उचलल्यावर खाली पोलादाला खळगे पडलेले आढळले. कार्बन स्टीलवरचा जाड थर शाबूत आहे तोवर उत्तम राखण करतो, फुटला की तोच ओल धरून ठेवतो. म्हणून असा चाकू निगा न घेता चालेल या समजुतीने घेऊ नये. त्याची निगा वेगळ्या जागी घ्यावी लागते, इतकेच. थर फुटलेल्या जागा, कोरलेल्या अक्षरांच्या कडा आणि मुठीच्या पट्ट्या जेथे पात्याला टेकतात ती सांध्याची रेघ या तिन्ही ठिकाणी तेलाचा हात फिरवत राहावे. मुठीच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर त्या अधूनमधून काढून आतही पाहावे.

डीएलसीच्या घडीच्या चाकूबद्दल माझे मत पुष्कळ चांगले आहे. त्याचे पाते एस३०व्ही या स्टेनलेस पोलादाचे आहे. त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम असते, म्हणजे लेप नसता तरी ते सहसा गंजले नसते, आणि लेप आहे म्हणून ते आणखीच निश्चिंत झाले आहे. पाते गुळगुळीत आहे, पुठ्ठ्यात अडत नाही, आणि चिकटपट्टीचा गोंद त्यावरून लवकर पुसला जातो. त्यावर उमटलेले करडे ओरखडे पहिल्यांदा पाहून वाईट वाटते, परंतु त्यांतले पुष्कळसे ओरखडे नसतातच. तार, खिळा, चावी असा मऊ धातू कठीण थरावर घासला गेला की त्याचाच अंश तेथे चिकटतो, आणि पेन्सिलीच्या खोडरबराने घासल्यावर तो बहुधा निघून जातो. खरा ओरखडा पडतो तो वाळूच्या कणाने, धारेच्या दगडाने किंवा खालचे पोलाद दबेल इतक्या जोराच्या आघाताने. कारण थर कितीही कठीण असला तरी तो ज्या पोलादावर बसला आहे ते दबले तर वरचा थर तडकतो. पीव्हीडी आणि डीएलसी थरांना सूक्ष्म छिद्रेही असतात. स्टेनलेस पात्यावर त्यांनी काही बिघडत नाही, पण साध्या कार्बन स्टीलवर त्या छिद्रांतून ओल पोलादापर्यंत पोहोचू शकते. अशा पात्यालाही तेलाची गरज राहतेच.

काळ्या ऑक्साइडवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. तो थर स्वतः गंज रोखण्याच्या कामी दुबळा असतो; त्याची सच्छिद्रता तेल धरून ठेवते आणि राखण ते तेल करते. तेल पुसले गेले, साबणाने धुतले गेले, की राहतो तो केवळ रंग. माझ्या बहुउपयोगी हत्याराच्या सांध्यांवरचा रंग सर्वांत आधी गेला, पक्कडीच्या तोंडाशी पांढरे धातू उघडे पडले, आणि घामट हाताने वापरून खिशात ठेवल्यावर कडांना तांबूस छटा दिसू लागली, जी तेलाच्या चिंधीने सहज निघाली. चकाकी नको असेल तर हा प्रकार ठीक आहे. गंजासाठी त्याचे जास्त पैसे मोजू नयेत.

आता उघड्या पात्यांकडे वळू. ‘उघडे’ म्हटलेले स्टेनलेस पाते खऱ्या अर्थाने उघडे नसतेच. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअरली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले आणि त्यावर आम्लांचा परिणाम फार कमी होतो हे त्यांच्या ध्यानात आले; पुढे त्या पोलादाचा सुऱ्या-चाकूंसाठी वापर सुरू झाला. पोलादात पुरेसे क्रोमियम मोकळे असेल तर हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा थर आपोआप बनतो. ओरखडा पडला तरी तो काही क्षणांत पुन्हा भरून येतो, आणि हे कोणत्याही विकत चढवलेल्या लेपाला जमत नाही. महत्त्वाचे म्हणजे तो धारेवरही असतो. दगडावर धार काढून झाल्याबरोबर नव्या उघड्या पडलेल्या पोलादावर तो लगेच तयार होतो. लेपाने जे साधत नाही ते पोलादाच्या घटकांनी साधते, ते असे.

या थराला एक शत्रू आहे, तो म्हणजे क्लोराइड. मीठ, घाम आणि समुद्राचे पाणी यांत ते असते. ते थराला ठिकठिकाणी भेदते आणि टाचणीच्या टोकाएवढे खोल खळगे पाडते. म्हणून स्टेनलेस पातेही खारट ओलीत ठेवू नये, वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. क्रोमियमचा आकडा वाचतानाही थोडी सावधगिरी हवी. डी२ पोलादात ११ ते १३ टक्के क्रोमियम असते, आणि स्टेनलेस म्हणवण्यासाठी किमान १०.५ टक्के पुरेसे धरले जाते, तरी डी२ स्टेनलेस गणले जात नाही. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन असतो आणि क्रोमियमचा मोठा भाग त्या कार्बनशी बांधला जाऊन कठीण कण बनतात. पृष्ठभाग राखायला मोकळे क्रोमियम कमी उरते. याउलट १४सी२८एन या पोलादात कार्बन सुमारे ०.६ टक्का आणि क्रोमियम १४ टक्के असते, शिवाय थोडे नायट्रोजन मिसळलेले असते, आणि माझ्या वापरात त्याने बिनलेपाचे राहूनही कधी डाग धरलेला नाही. डी२ वर मात्र चांगला पातळ लेप मला उपयोगी वाटतो. काठावर उभे असलेले हे पोलाद आहे, आणि लेपाचा खरा फायदा अशाच पोलादाला होतो.

बिनलेपाच्या पात्याचा पृष्ठभाग कसा घासला आहे यानेही फरक पडतो, आणि खरेदीच्या वेळी याकडे फारसे कोणी पाहत नाही. आरशासारखे घासलेले पाते गंजाला सर्वांत कमी जागा देते, पण त्यावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. बारीक रेघांचे, सॅटिन म्हणवले जाणारे पाते रोजच्या वापराला सोयीचे आहे. खड्यांबरोबर पिंपात फिरवून काढलेल्या स्टोनवॉश पात्यावर आधीच असंख्य बारीक खुणा असल्यामुळे नवे ओरखडे त्यांत लपून जातात, आणि बिनलेपाच्या पात्यांत माझी पसंती यालाच आहे. बारीक मण्यांचा मारा करून करडे केलेले पाते मात्र टाळावे. त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खाचखळग्यांनी भरलेला असतो, त्यांत ओल अडकते, आणि तेच पोलाद गुळगुळीत असताना जितके टिकले असते तितके या रूपात टिकत नाही.

उघडे कार्बन स्टील घ्यावे की नाही हा स्वभावाचा प्रश्न आहे, असे मी मोकळेपणाने म्हणेन. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा कार्बन पात्याचा घडीचा चाकू याचे चांगले उदाहरण आहे; त्याच चाकूची स्टेनलेस आवृत्तीही मिळते, आणि दोन्हींवर कोणताच लेप नसतो. कार्बनचे पाते दगडावर फार चटकन धार घेते. ते वापरले की फळांच्या आंबट रसाने आधी निळसर, मग करडे, मग काळसर होत जाते, आणि हा काळसर थर तांबड्या गंजाला काही प्रमाणात अटकाव करतो. कोमट व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून तो मुद्दामही आणता येतो. त्यापूर्वी पाते साबणाने धुऊन तेलाचा अंशही राहू देऊ नये, नाहीतर डाग विस्कळीत पडतात. हा थर पूर्ण संरक्षण नव्हे. ओले पाते मिटून ठेवले तर त्यावरही तांबूस गंज चढतो. मात्र तो दिसतो, बोटाला लागतो, आणि तेल व मऊ चिंधी किंवा खाण्याच्या सोड्याचा लेप एवढ्यावर निघतो. ज्याला वापर झाल्याबरोबर पाते पुसण्याची सवय आहे त्याला उघडे कार्बन स्टील मनापासून सुचवावे. ज्याला ती नाही त्याने लेपाच्या भरवशावर कार्बन स्टील घेण्याऐवजी सरळ स्टेनलेस घ्यावे.

काळ्या पात्यांचा उगम गंजापेक्षा चकाकी टाळण्याशी जास्त जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश फेअरबर्न-साइक्स खंजीर १९४१ साली प्रथम तयार झाला तेव्हा उजळ होता आणि नंतरच्या नमुन्यांत तो काळा करण्यात आला. १९४२ साली अमेरिकन मरीन दलाने स्वीकारलेल्या का-बार चाकूचे पातेही फॉस्फेटच्या प्रक्रियेने निस्तेज केलेले होते. सैनिकाच्या दृष्टीने ती गरज खरी होती. घरी, कार्यशाळेत किंवा डोंगरवाटेवर चाकू वापरणाऱ्याला पात्याची चकाकी अडचणीची ठरण्याचे प्रसंग फारच थोडे, किंबहुना गवतात पडलेला काळा चाकू शोधणे उजळ चाकूपेक्षा अवघड जाते. रंग आवडतो म्हणून काळे पाते घेण्यात काही गैर नाही, फक्त ते कारण स्वतःशी स्पष्ट असावे.

धार लावण्याच्या बाबतीत उघडे पाते निःसंशय सरस आहे. लेपाच्या पात्याला दगडावर घेतले की धारेची चकचकीत रेघ दरवेळी थोडी रुंद होते, कोन जरा चुकला की तिच्या वर ओरखड्यांचा पट्टा उमटतो, आणि जाड थर असेल तर तो उडून दगडाच्या छिद्रांत भरतो. काही वर्षांनी पाते धारेमागे जाड होते आणि त्याची बाजू घासून पातळ करावी लागते; उघड्या पात्यावर हे काम निर्धास्तपणे करता येते, लेपाच्या पात्यावर ते केले की खालच्या अर्ध्या भागातला लेप गेलाच. स्कँडिनेव्हियन पद्धतीच्या, एकाच रुंद उताराच्या पात्यावर तर अख्खा उतारच दगडाला टेकवून धार लावायची असते, त्यामुळे त्या उतारावर लेप टिकण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय उघड्या पात्यावर शाईच्या पेनाने धारेला रंग देऊन दगड कोठे लागतो ते पाहता येते, आणि शिकणाऱ्याला ही सोय फार उपयोगी पडते. लेपाच्या पात्यावरही हे धारेच्या अरुंद रेघेपुरते जमते, बाजूचे काही कळत नाही.

रानात आग पेटवण्यासाठी ठिणगीची कांडी वापरणाऱ्यांनी पात्याची पाठ जरूर तपासावी. कांडीवरून भरपूर ठिणग्या पाडायच्या तर पाठीची कड काटकोनी आणि उघड्या पोलादाची हवी. जाड लेप ती कड गोलसर करतो आणि कांडी नुसतीच घसरते. काही उत्पादक याचा विचार करतात. मोरा या स्वीडिश कंपनीच्या काळ्या बुशक्राफ्ट, म्हणजे रानवापराच्या, चाकूत कार्बन स्टीलवर डीएलसी लेप असूनही पाठ मुद्दाम घासून कांडीसाठी तयार ठेवलेली आहे. इतर चाकूंच्या बाबतीत पाठीचा बोटभर भाग कानशीने घासून उघडा करावा लागतो, आणि मग त्या भागाला तेल लावत राहावे लागते.

स्वयंपाकघरासाठी माझा कौल स्पष्टपणे उघड्या स्टेनलेस पात्याकडे आहे. रंगीत, न चिकटणारा लेप म्हणून विकल्या जाणाऱ्या सुऱ्यांवर बहुधा पॉलिमरचा पातळ थर असतो. चिरलेले काप पात्याला चिकटतात ते मुख्यतः ओलावा आणि सपाट पृष्ठभाग यांमुळे. पात्याच्या बाजूचा आकार थोडा फुगीर असेल तर ते जास्त सहज सुटतात, आणि लेपाने पडणारा फरक माझ्या हाताला नगण्य वाटला. धार लावताना आणि घासणीने हा थर उतरतो, आणि त्याचे कण अन्नात जाऊ नयेत अशी काळजी स्वाभाविक आहे. टेफ्लॉनसारखे पदार्थ नेहमीच्या तापमानाला निष्क्रिय असतात हे खरे, तरी पोपडे सुटू लागलेली सुरी अन्नासाठी वापरत राहण्याचे समर्थन मला करवत नाही. वर अशा सुऱ्यांखाली बहुधा साधे, मऊ पोलाद असते, आणि तेवढ्याच किमतीत चांगल्या पोलादाची बिनलेपाची सुरी मिळू शकते.

खरेदी करताना ‘मिठाच्या फवाऱ्यात इतके तास टिकले’ असा आकडा दिसला, तर तो कशाचा आहे हे समजून घ्यावे. ही प्रमाणित चाचणी पाच टक्के मिठाचे द्रावण ३५ अंश सेल्सिअसला सतत फवारून करतात. दोन लेपांची आपसांत तुलना करण्यासाठी ती उपयोगी आहे. तासांवरून वर्षांचा हिशेब मात्र निघत नाही, कारण चाचणीसाठी नवा, शाबूत थर वापरला जातो आणि आपल्या हातातला थर घासला जाणारा, आपटणारा, दगडावर जाणारा असतो. त्याऐवजी पोलादाचे नेमके नाव विचारावे. ‘उच्च प्रतीचे पोलाद, काळा लेप’ एवढेच लिहिले असेल आणि नाव नसेल, तर तो चाकू मी घेत नाही. नाव मिळाल्यावर लेपाचा प्रकार विचारावा, आणि चाकू हातात घेऊन धारेलगतची रेघ सरळ आहे का, थराला कडांपाशी फुगवटे आहेत का, पाते कवचात घालताना आतल्या कडेवर घासते का, हे पाहावे. प्लास्टिकच्या घट्ट कवचात वाळूचे कण अडकले तर ते कठीण लेपालाही दोन ठरावीक ठिकाणी ओरखडत राहतात. चामड्याच्या म्यानात कोणतेच पाते दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली रसायने पोलादाला बाधतात.

हाताशी असलेल्या चाकूचा जाड लेप अर्धा उडाला असेल, तर उरलेलाही काढून टाकणे हा चांगला उपाय आहे आणि माझ्या पावडर कोटिंगच्या चाकूचे मी अखेर तेच केले. रंग काढण्याच्या रसायनाने तो थर सुटतो. मोकळ्या हवेत, जाड हातमोजे व चष्मा घालून आणि मूठ आधी काढून हे काम करावे. थर जाळून काढण्याचा विचारही करू नये, कारण त्यात पात्याचे पाणी उतरेल. डीएलसी आणि इतर पीव्हीडी थर अशा रसायनांना दाद देत नाहीत. ते घासूनच काढावे लागतात आणि त्याची सहसा गरजही पडत नाही. काही उत्पादक लेप काढल्यावर हमी रद्द करतात, तेव्हा ती अट आधी वाचावी. लेप निघाल्यावर खालचे चरे पाणी लावून वापरायच्या घासकागदाने चढत्या बारकाव्याने घासून काढावेत, पात्याची पाठ काटकोनी करून घ्यावी, व्हिनेगरने काळसर थर आणावा आणि अन्नाला चालेल असे खनिज तेल चोळावे. जवसासारखे वाळून घट्ट होणारे तेल वापरले तर पात्यावर चिकट पापुद्रा धरतो.